जिना उजवीकडे, बाद

दातांच्या डॉक्टरांना दातांपेक्षा काकणभर जास्त वेड होतं ते कागदावरच्या चित्रांचं. तीही नामवंतांची नव्हेत. ज्यांना चित्रं काढता येतात हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतं, अशा माणसांची. एका नर्सने पेन्सिलीने काढलेले झोपलेले रोगी, एका नकाशे काढणाऱ्याने कचेरीच्या शाईने रंगवलेले ढग, असला माल. पलंगाखालची जागा संपली, कपाटावरची संपली, आणि चित्रं बायकोच्या कपड्यांच्या कप्प्यात शिरली, तेव्हा तिने शांतपणे विचारलं, की आता मी कुठे राहायचं तेही एकदा सांगून टाका.

आणि आता कुठे तिच्या सोसण्याला फळ येत होतं. येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये डॉक्टरांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरणार होतं. चाळीस चित्रं, प्रत्येकाखाली चित्रकाराचं नाव. या माणसांना आयुष्यभर कुणी नावाने ओळखलं नाही, निदान भिंतीवर तरी ओळखावं, म्हणून नाव माहीत नसलेलं चित्र लावायचं नाही, असा डॉक्टरांचाच नियम होता. त्या नियमापायी त्यांचं सर्वांत लाडकं चित्र घरी राहणार होतं, आणि आठवडाभर त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

ते एक छापचित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर ओरखडून, शाई भरून, कागदावर दाबून उमटवलेलं. घराच्या बाजूला बाहेरून चढणारा जिना, मध्येच वळलेला, आणि वर एकाच बिजागरीवर लोंबणारी खिडकीची झडप. बस, एवढंच. पण त्या जिन्यावरचं ऊन पाहिलं की डॉक्टरांना पायात चप्पल सरकवून तिथे जाऊन बसावंसं वाटे. खालच्या पट्टीवर सही असणार. पण चित्र फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कुण्या फ्रेमवाल्याने ती पट्टीच कापून टाकली होती. त्या अज्ञात फ्रेमवाल्याला डॉक्टरांनी अकरा वर्षं मनापासून शिव्या घातल्या होत्या. घर सापडलं तर माणूस सापडेल, या आशेने त्यांनी गावातले सगळे जिने पालथे घातले आणि एका वहीत त्यांची नोंद केली. हाती काही लागलं नाही.

शुक्रवारी, निदान पुसून तरी ठेवू म्हणून, त्यांनी ते चित्र दवाखान्यात आणलं आणि खुर्चीमागच्या टेबलावर टेकवून ठेवलं. सकाळची पहिली पेशंट होती लाँड्रीवाली. डॉक्टरांचे पांढरे कोट वीस वर्षं तिच्याकडेच धुवायला जात. तिची नवी कवळी तयार होती. डॉक्टरांनी ती बसवली, हातात आरसा दिला आणि कौतुकाची वाट पाहत उभे राहिले. बाई आरशात बघतच राहिली. डॉक्टर पुढे वाकले.

"टोचतेय का?"

"हा आमचा जिना आहे," ती आरशातून नजर न काढता म्हणाली.

डॉक्टरांनी तिला समजुतीने सांगितलं, की तुमचा जिना मी बघून गेलोय, तो उजव्या हाताला आहे. चित्रातला डाव्या हाताला आहे. बाईने वाद घातला नाही. तिने आरसाच त्यांच्या हातात दिला.

चाळीस वर्षं या माणसाने गावाच्या दाढा आरशातून पाहिल्या होत्या. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ऐकवलं होतं, की पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. आता त्यांनी चित्राकडे पाठ केली, आरसा धरला, आणि जिना निमूटपणे उजवीकडे गेला. त्यांनी वही काढली. अकरा वर्षांपूर्वीच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'लाँड्रीचं घर. जिना उजवीकडे. बाद.' त्यांना इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की आधी कशाला जागा द्यावी ते कळेना.

चित्र मोठ्या जाऊबाईंचं, लाँड्रीवाली सांगू लागली. तरुणपणी त्यांनी ते पत्र्यावर पोती शिवायच्या दाभणाने कोरलं, आणि दुपारी काम थांबलं की पत्रा नि कागद दोन जुन्या घोंगड्यांमध्ये घालून, कपडे पिळायच्या यंत्राच्या रुळांतून काढलं. कागदावर अंधूक जाळीसारखं काही दिसे, त्याला डॉक्टर पाहुण्यांपुढे 'दुर्मीळ पोत' म्हणत आले होते. ती घोंगडी होती.

जाऊबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या, पण खणखणीत. मात्र या विषयावर अवाक्षर काढत नाहीत. रविवारी आल्या तर आल्या, नाही तर नाही, असं सांगून लाँड्रीवाली कवळीसकट निघून गेली.

रविवारी चाळीस चित्रं भिंतीवर होती आणि एक खाली, भिंतीला टेकून. जाऊबाईंना न विचारता नाव लावायचं डॉक्टरांच्या जिवावर आलं होतं. लोक येत होते, वाखाणत होते, आणि डॉक्टरांचे डोळे दारात. दारात उभ्या असलेल्या बायकोने एकदा त्यांना सांगितलं, की आपल्या लग्नातही तुम्ही इतकी वाट पाहिली नव्हती.

हॉल बंद व्हायला दहा मिनिटं उरली असताना काठी टेकत, धाकट्या जावेचा हात धरून त्या आल्या. चित्रापुढे उभ्या राहिल्या.

"उलटं आलंय हे," त्या म्हणाल्या. "दहा छाप काढले, दहाही उलटे. घरातली सगळी हसली. एवढंसुद्धा कळलं नाही हिला, म्हणाली. मग दहाही वाटून टाकले आणि दाभण परत पोत्यांना लावलं."

डॉक्टरांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. जाऊबाईंनी चष्मा सारखा केला, वाचलं, मग पुन्हा वाचलं. आणि हसायला लागल्या. काठी पडली तरी हसत होत्या.

"म्हणजे तुम्हीही," त्या म्हणाल्या.

"मीही," डॉक्टर म्हणाले.

मग जाऊबाईंनी पेन मागितलं आणि कोऱ्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं, मोठं, कोपऱ्यापर्यंत जाईल असं. डॉक्टरांनी स्वतः खिळा ठोकला. जाऊबाईंनी चित्र जरा खाली घ्यायला लावलं. भिंतीवर आता एक्केचाळीस चित्रं झाली, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

निघताना त्या दारात थांबल्या.

"हल्ली तांब्याचा पत्रा कुठे मिळतो हो? यंत्र अजून चालतं. या खेपेला जिना उलटा कोरीन."

डॉक्टरांनी वही काढली, 'बाद'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'सोमवारी पत्रा पोचवणे.'