विमानात न बसण्याचा नेम

रोशनीने बॅगेच्या तळाशी राहिलेला स्टीलचा डबा काढला, झाकण उघडले आणि मान फिरवली. सोमवारी रात्री बंगळुरूहून रेल्वेने निघताना भरलेला भात होता. आज शनिवार. भाताला हिरवट बुरशी धरली होती. ती डबा घेऊन मागच्या अंगणात गेली, भात झाडाच्या आळ्यात पुरला आणि नळाखाली डबा घासू लागली.

तिचे वडील नानाजी पायरीवर बसून बघत होते.

"गाडीत काई खाल्लं नाई वाटते तू."

"दुपारी भूक नव्हती. मंग बल्लारशाले तुमचा फोन आला."

रोशनीची आई जिजाबाई मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी गेल्या. रोशनी सिंदी मेघेच्या या घरात पोचली तेव्हा साडेआठ झाले होते. मंगळवारच्या सकाळच्या विमानाने ती नागपूरला उतरली असती, तर बारापर्यंत घरी आली असती. जिजाबाई दुपारी तीनपर्यंत चांगल्या बोलत होत्या. म्हणजे तीन तास. नानाजींनी बत्तीस वर्षे एका कापूस जिनिंगच्या वजनकाट्यावर काढली होती. असे हिशेब त्यांना करावे लागत नसत, आपोआप होत.

रोशनी बंगळुरूच्या एका कंपनीत होती. कोणता कारखाना हवेत किती कार्बन सोडतो, ते मोजायचे तिचे काम. डिसेंबरात सुटीवर आली तेव्हा तिने घराचेच मोजमाप काढले होते. सिलिंडर किती दिवस पुरतो, विजेचे युनिट किती, नानाजींची स्कूटर महिन्याला किती किलोमीटर चालते, मटण किती वेळा होते. जिजाबाईंनी सगळी उत्तरे दिली आणि शेवटी त्यांचा स्वतःचा आकडा ऐकला. घरात सगळ्यात कमी तोच होता.

"म्हंजे मी कुठी गेलीच नाई, ते मोजलं ना तू?" त्या म्हणाल्या होत्या.

"आई, तू पहिली आली, अन् वरून भांडून राह्यली?"

"मी जिंदगीभर कापूस मोजला," नानाजी मध्येच म्हणाले होते, "पन धूर मोजनारी पोरगी माह्या घरात निंगन, असं वाटलं नव्हतं."

सगळ्यात मोठा आकडा रोशनीचाच निघाला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक विमानांचा. नवीन वर्षापासून बारा महिने विमानात पाय ठेवायचा नाही, असे तिने तिथेच ठरवले. जिजाबाईंना त्यातले किलो आणि टन कळले नाहीत, पण ठरवणे कळले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, त्या रोज संध्याकाळी पांढरे लुगडे नेसून विहारात ग्रंथवाचनाला जात. एकोणीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. एकदा अंगात ताप होता, तेव्हा नानाजींनी स्कूटरवर नेऊन सोडले होते.

"हा तुहा बारा महिन्याचा वर्षावास," त्यांनी रोशनीला सांगितले. "घेतला तर मोडायचा नाई."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते विहारातल्या बायकांना सांगितले. मग भाजीवाल्याला. मग दवाखान्यातल्या नर्सलाही.

डबा घासून रोशनी पायरीवर येऊन बसली. चार वाजता विहारात जिजाबाईंच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी होता. तिने पांढरी साडी इस्त्री करून खाटेवर ठेवली होती, आईचीच. तिने मोबाइल उघडून नानाजींच्या समोर धरला.

"पाहा. विमानानं आली असती तर एकशेवीस किलो. गाडीनं आली तर वीस. शंभर किलो वाचवले मी, बाबा."

"ठेव ते."

"नाई, पाहा तर. माह्यं कामच हाय हे. कोनाले विचारा, शंभर किलो म्हंजे लय झाले."

तिचा आवाज चढला नव्हता. नानाजींनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि पायरीवर उपडा ठेवला.

"मी विचारलंच काऊन तुमाले?" ती म्हणाली. "विमानानं येऊ का म्हनून. अशा टायमाले विचारते कोनी? मी नुसतं निघाले पायजे होतं. मी विचारलं, कारन मले वाटत होतं तुमी गाडीनं ये म्हनसान. तेच आयकायचं होतं मले."

नानाजी समोरच्या आळ्याकडे पाहत राहिले. पाच दिवस ते याच बोलण्याची वाट पाहत होते आणि ते टाळतही होते. जिजाबाईंनी त्यांना कुणाला सांगू नका असे म्हटले नव्हते. पण सांगा असेही म्हटले नव्हते. सांगितले तर पोरीच्या मनावरचे ओझे उतरेल. मग ते आईच्या नावावर चढेल का, हे त्यांना ठरवता येत नव्हते. शेवटी त्यांनी समोरच्या पोरीकडे पाहिले.

"ते मी नाई म्हटलं, रोशनी."

"काय?"

"गाडीनंच येजो म्हनून. सोमवारी तुहा फोन आला, तवा आवाज मोठा होता फोनचा. तुही आई खाटेवर आयकत होती. डॉक्टरनं सकाळीच सांगतलं होतं, दोन-तीन दिवस, घरी न्या. तू विचारलं, विमानानं येऊ का. मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं असं केलं."

त्यांनी उजव्या हाताचे बोट वर करून दोनदा हलवले.

"मी फोन ठेवला अन् तिच्यावर चिडलो. म्हटलं, पागल झाली का तू? तर म्हने, आठ महिने झाले तिच्या नेमाले, माह्यासाठी मोडन ते. मोडू नोका. अर्ध्या दिवसाचाच तं फरक हाय. मी थांबतो तवरक."

रोशनीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

"थांबतो म्हने," नानाजी पुन्हा म्हणाले. "मंगळवारी सकाळपासून विचारे, गाडी कुठी आली. मी मोबाइलवर पाहून सांगे. काझीपेठ सांगतलं तं म्हने, आली मंग, जवळच हाय. तिले काझीपेठ कुठी हाय ते ठाऊक नव्हतं. तुही चूक नाई त्याच्यात. तुले ठाऊकच नव्हतं. चूक असन तं माही हाय. मी तिचं आयकलं."

एवढे बोलून त्यांना दम लागला. त्यांना वाटले, आता ती रडेल. पाच दिवसांत ती रडली नव्हती. रोशनीने हात ओढणीला पुसले, कोरडे असूनही पुसत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मार्चमधी मी दिल्लीले गेलती ना?"

"हो. तुह्या कामाच्या मीटिंगले."

"विमानानं गेलती. जातानाही अन् येतानाही. साहेब म्हने, दोन दिवस गाडीत घालवू नको, कामं पडून हायेत. मी काई बोलली नाई. बसली."

"पन आईले तं तू—"

"आईनं फोनवर विचारलं, गाडीत जागा भेटली का चांगली. मी म्हटलं, भेटली. खिडकीजवळची."

शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"तिनं विहारात सांगून ठेवलं होतं सगळ्याइले," रोशनी म्हणाली. "मंग कसं सांगू तिले? म्हटलं, दिवाळीत आली की सांगतो."

नानाजी उठले. घरात जाऊन त्यांनी पांढरा सदरा घातला. बटणे एक घर सोडून लागली होती. रोशनीने ते पाहिले, पुढे येऊन सगळी काढली आणि पुन्हा नीट लावून दिली.

विहारात साठ-सत्तर माणसे होती. जिजाबाईंचा फोटो पांढऱ्या कपड्यावर ठेवला होता. त्रिसरण झाले, पंचशील सुरू झाले. सगळे हात जोडून एका सुरात म्हणत होते. खोटे न बोलण्याच्या, चौथ्या शीलाला नानाजींच्या शेजारचा आवाज थांबला. पाचव्यालाही तो आला नाही.

मग आदरांजलीची भाषणे झाली. शेवटी वर्षावासाचे वाचन करणाऱ्या शेवंताबाई उभ्या राहिल्या. त्या जिजाबाईंच्याच वयाच्या, दोघी एकोणीस वर्षे शेजारी बसलेल्या.

"जिजाबाई मले रोज सांगे, माही पोरगी विमानात बसत नाई, नेम हाय तिचा," त्या म्हणाल्या. "मी म्हनो, एवढ्या मोठ्या नोकरीवाली पोरगी, कायचा नेम पाळते? पन पाळला. आई जाऊन राह्यली, तरी पोरीनं नेम नाई मोडला. आपल्या लेकराइले हे सांगा. ऊठ बाई रोशनी, दोन शब्द बोल."

सगळ्यांच्या माना वळल्या. रोशनीने नानाजींकडे पाहिले. नानाजींना तिला थांबवायचे होते की बोलू द्यायचे होते, ते त्यांचे त्यांनाच कळेना. ते सतरंजीच्या किनारीकडे पाहत राहिले.

रोशनी उभी राहिली. आईची साडी तिला आखूड होत होती.

"मावशी," ती म्हणाली, "नेम मी नाई पाळला. आईनं पाळला."

मागून एक म्हातारा कौतुकाने "साधू, साधू" म्हणाला, आणि साऱ्या विहाराने ते उचलले. शेवंताबाईंनी पदराने डोळे पुसले.

"आईवरच गेली," त्या शेजारणीला म्हणाल्या. "सोताकडं काई घेत नाई."

रोशनी अजून उभीच होती. बोलण्यासाठी तिने पुन्हा श्वास घेतला, पण तोवर खिरीची पातेली आत आली होती आणि माणसे उठू लागली होती. नानाजींनी सतरंजीवर थोडे सरकून तिला बसायला जागा केली.