घंगाळातलं जहाज

मित्रांनो, मी एक जुनं पितळी जहाज आहे आणि समुद्र मी पाहिलेला नाही. हसू नका. मी राहतो रायपूरला, पुरानी बस्तीत, रत्नाकररावांच्या देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात. इथून समुद्र इतका लांब आहे की मला घडवणाऱ्या हिरालालनंही तो कधी पाहिला नव्हता.

रत्नाकररावांनी सारी नोकरी गुढियारीकडच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर काढली. तेलाच्या टाक्यांच्या मालगाड्या त्यांच्या डोळ्यांसमोरून जायच्या आणि हे तेल येतं कुठून, या विचारात त्यांची तंद्री लागायची. पुढे रायपूर राजधानी झालं, जो तो जमिनीच्या मागे लागला. तेव्हा निवृत्तीची रक्कम हातात आलेल्या या गृहस्थांनी काय करावं? तेलवाहू जहाजांच्या एका कंपनीचे शेअर घेतले. कुमुदताईंना त्या पैशांतून घरावर एक खोली चढवायची होती.

"जराशी थांब. खोली काय, अख्खी माडी बांधू," रत्नाकरराव बायकोला म्हणाले. कुमुदताई थांबल्या.

त्याच हिवाळ्यात पंडरीच्या हाटात बस्तरचा हिरालाल आपल्या पितळी मूर्ती घेऊन बसला होता. रत्नाकररावांनी त्याला पेपरातलं टँकरचं चित्र दाखवून तसंच जहाज करून मागितलं. त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"तेल लेके जाथे, त हंडी कहां हे भैया?"

तेल जहाजाच्या पोटातच असतं, हे त्याला काही पटलं नाही. त्यानं मातीचा गाभा केला, त्यावर मेणाचे दोरे गुंडाळले, वर पुन्हा माती लिंपली. भट्टीत मेण वितळून गेलं आणि त्याच्या जागी रसरशीत पितळ उतरलं. साचा फोडला तेव्हा मी बाहेर आलो. पुढे हत्तीची सोंड, पाठीवर ओळीनं हंड्या. असला टँकर जगात दुसरा नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

ते दिवस मोठे सुखाचे होते. दुपारी जेवण झालं की रत्नाकरराव मला तळहातावर घेऊन बसायचे. पंखा फिरायचा, डोळे अर्धवट मिटायचे. "आज आपलं जहाज कुवेतहून निघालं असेल," ते हळूच म्हणायचे. मग मलाही पाणी दिसायचं, निळं, हलणारं, काठ नसलेलं. हंड्यांत तेल डुचमळायचं. सोंड वर करून मी चालत राहायचो आणि मागून रत्नाकररावांचं घोरणं ऐकू यायचं.

कुमुदताई चिडवायच्या, "अहो, तुमच्या जहाजानं फोडणीपुरतं तेल तरी आणलं का घरी?" पण दसऱ्याला स्कूटरची पूजा झाली की हळदकुंकवाचं बोट माझ्याही कपाळाला लागायचं. त्यांची मुलगी यामिनी मंत्रालयात नोकरीला होती. तिला मराठी कळायचं, पण बोलायची हिंदीत. "बाबा, भाव अच्छा है, कुछ शेअर बेच दो." बाबा नुसते हसायचे. स्वतःचं जहाज कुणी विकतं का?

मग एका संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. कंपनीचा टँकर आफ्रिकेजवळ समुद्री चाच्यांनी पळवला होता आणि खलाशी ओलीस होते. दुसऱ्या दिवसापासून शेअर घसरू लागला. "बाबा, अभी भी बेच दो, जो मिले," यामिनी म्हणाली. रत्नाकररावांना विकवेना आणि झोपही येईना. माझ्याकडे तर ते बघेनासे झाले. माझ्यावर धूळ साचली, सोंडेत कोळ्यानं जाळं केलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

कुमुदताईंनी मात्र तांब्याचं घंगाळ काढलं, त्यात पाणी भरलं आणि देव्हाऱ्यातले देव पाण्यात ठेवले. मागणं पुरं होईपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत, अशी आपल्याकडे रीत. मग त्यांनी मलाही उचललं, धूळ पुसली आणि अन्नपूर्णेच्या शेजारी सोडलं. मी सरळ तळाशी गेलो. पितळ ते, तरंगणार कसं? पण वर पाणी हलत होतं, खिडकीतलं ऊन त्यात उतरत होतं, शेजारी बाळकृष्ण रांगत होता. मला वाटलं, आपण निघालो एकदाचे.

रत्नाकरराव येऊन घंगाळावर वाकले. "शेअरपायी देव पाण्यात? काहून त्यांना त्रास देऊन राहिली?"

"शेअरचं मले काय समजते?" कुमुदताई म्हणाल्या. "त्या जहाजावरचे पोट्टे घरी यावे म्हणून ठेवले. त्यांच्या आया जेवत नसतील."

रत्नाकररावांनी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या जहाजावर त्यांना तेल दिसलं होतं आणि आपले पैसे दिसले होते. त्या दिवसापासून बातम्या लागल्या की ते आधी खलाशांचं विचारू लागले, भावाचं नंतर. पुढे पुढे भावाचं विचारणं राहूनच जाई.

महिने गेले. कुमुदताई रोज पाणी बदलत होत्या. शेवटी कंपनीनं खंडणी भरली. तिच्यात आणि थांबलेल्या फेऱ्यांत कंपनी पार खंगली, शेअरला कुणी विचारीना. पण खलाशी सुटले. विमानतळावर उतरलेली ती वाळलेली, दाढी वाढलेली पोरं टीव्हीवर दिसली. एक बाई त्यांतल्या एकाला धरून रडत होती. कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला. रत्नाकररावांनी स्वतः एकेक देव बाहेर काढला, पुसला, देव्हाऱ्यात बसवला. सगळ्यांत शेवटी मला काढलं. माझ्या हंड्यांतलं पाणी त्यांनी हळूच ओतून टाकलं.

"तुझी वरची खोली गेली, कुमुद."

"जाऊ द्या."

"नाही, गेली कशी?" टीव्हीकडे बघत ते म्हणाले. "आपल्या पैशानं हे पोट्टे घरी आले, असं समजू."

मित्रांनो, आता मी हिरवट पडलो आहे. मला अधूनमधून चिंचेनं घासत जा, एवढं मागायलाच मी तोंड उघडलं होतं. ते राहू द्या. तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, कुठल्या तरी जहाजात पैसे घालाल. तेव्हा भाव जरूर विचारा. पण त्या जहाजावर माणसं कोण आहेत, हेही विचारा, आणि ती घरी पोचेपर्यंत त्यांची वाट बघा.