शेवट पटला नाही

“मारायला नको होतं त्याला,” चेतना म्हणाली आणि तिनं टिश्यूपेपरनं नाक पुसलं.

आम्ही नोएडातल्या एका मॉलच्या फूड कोर्टात बसलो होतो. सिनेमा नुकताच सुटला होता. माझी लेक थिएटरमध्ये रडली ती रडलीच, वर डोसा खातानाही तिचं रडणं चालू होतं. जावई अनुराग एका वेबसाइटसाठी सिनेमांची परीक्षणं लिहितो, त्यामुळे त्याला रडू येत नाही. आम्ही टेबल शोधेपर्यंत त्यानं मोबाइलवर अडीच तारे देऊनही टाकले होते.

“मारलं नसतं तर पिक्चरमध्ये राहिलं काय असतं, यार?” तो म्हणाला. “सगळा सिनेमा त्या एका शॉटसाठी तर आहे.”

तो शॉट असा. पानिपतच्या हातमागवाल्याचा मुलगा, डोक्याला जुना मार, डॉक्टरांनी नको म्हटलेलं, तरी बॉक्सिंगची शेवटची लढत खेळतो आणि जिंकतो. जिंकून आपल्या कोपऱ्यात येतो, स्टुलावर बसतो आणि बसल्या बसल्या जातो. कुणाला कळतच नाही. लोक टाळ्या वाजवतात, त्याचा उस्ताद मानेवर पाणी ओततो, आई लांबून हात हलवते, आणि तो उघड्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत बसलेला असतो. हे बराच वेळ चालतं. मला विचाराल तर मध्यंतरापर्यंत मी चक्क डुलक्या काढल्या, पण त्या चेहऱ्यानं मात्र अंगावर काटा आला. घरी पाहुणे आल्यावर कर्ता पुरुष बसतो ना, तसा तो अदबीनं बसला होता.

गुणवंतराव माझ्या शेजारी होते. डोसा तसाच समोर. माझे यजमान पलटणीतर्फे बॉक्सिंग खेळायचे. फार मोठे खेळाडू होते असं नाही. काही लढती जिंकले, काही हरले, सैन्याच्या स्पर्धेतला एक कप काचेच्या कपाटात आहे. पुढे पोरांना शिकवत राहिले, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, नंतर एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम बघितलं. दोन वर्षांपासून त्यांची आठवण सुटत चालली होती. आधी नावं गेली, मग रस्ते. डॉक्टर म्हणाले होते की जुन्या आवडीच्या गोष्टी दाखवा, बरं वाटेल. म्हणून सिनेमाचा बेत माझाच.

“बाबा, तुम्हाला कसा वाटला?” चेतनानं विचारलं.

त्यांनी आमच्या तिघांकडे एकेक करून पाहिलं. इतकं नीट त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

“बराबर दावलंय,” ते म्हणाले. “आसंच झालं हुतं.”

अनुराग खूश झाला. त्यानं लगेच परीक्षणात ओळ घातली की एका माजी सैनिक बॉक्सरच्या मते शेवट अगदी अस्सल आहे, आणि अर्ध्या ताऱ्यानं सिनेमाची बढतीही केली. परीक्षणाखाली लोक भांडायला लागले. कुणाला शेवट ओढूनताणून आणलेला वाटला, कुणाला तोच खरा वाटला, कुणी म्हणालं की आईचं काम तेवढं पाहण्यासारखं आहे. घरी येईपर्यंत गाडीत अनुराग ती मतं वाचून दाखवत होता आणि मागच्या सीटवर गुणवंतराव हात मांडीवर ठेवून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पान वाढलं आणि ते टेबलापासून जरा दूर उभे राहिले.

“मला कशाला वाढतीस?” ते म्हणाले. “मी हाय कुठं आता.”

मला वाटलं, चेष्टा. फौजेत राहून माणूस तिरकस बोलायला शिकतो आणि हे तर मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे बोलण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हेत. मी म्हटलं, नखरे पुरे, आमटी गार होतेय. ते हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कीव होती, आणि ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

रात्रीही तेच, पुढच्या दिवशीही तेच. हट्ट नाही, आरडाओरडा नाही. पाणी घोट दोन घोट घ्यायचे, तेही माझी समजूत राखायला. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की भिंतीला टेकून जागा करून द्यायचे, आपण मध्ये येत नाही ना ते बघायचे. समोरच्या भाटियाबाई एकदा “नमस्ते भाईसाब” म्हणाल्या तर त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. हिला मी दिसतो कसा, असा प्रश्न त्या नजरेत स्वच्छ वाचता येत होता.

संध्याकाळी खाली बागेत मंडळी बसतात. त्या आठवड्यात सगळ्यांनीच तो सिनेमा पाहिला होता, त्यामुळे दुसरा विषयच नव्हता. एक निवृत्त इंजिनीअर म्हणाले, “डायरेक्टर ने दिखावा किया है, और कुछ नहीं.” भाटियाबाई म्हणाल्या, गाणी नव्हती, पण दिल भर आया. गेटवरचा वॉचमन म्हणाला, पैसा वसूल. गुणवंतराव बाकाच्या मागे उभे राहून प्रत्येकाचं ऐकत होते, मान हलवत होते. आपल्याच मयताला जमलेले लोक काय बोलतात ते माणूस ऐकेल, तर असाच उभा राहून ऐकेल. वर आल्यावर मला हळूच म्हणाले, “लोकं चांगलं बोलत्यात. एकजन म्हनला, उगाच गेला पोरगा.”

मग त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं.

“तू आजून कुंकू लावतीस?”

रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. एखाद्या बाईला वाईट बातमी कळली नसेल तर आपण जपून विचारतो तसं. मी भित्री नाही. चाळीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत साहेबलोकांना तोंड देऊन निवृत्त झालेली बाई आहे. पण त्या दिवशी बाथरूमचं दार लावून उभी राहिले. आरशात मला माझा चेहरा दिसला आणि मागे दाराच्या फटीतून आत पडलेली त्यांची सावली. ते बाहेर उभे होते, मी रडतेय का ते ऐकत. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठी टिकली लावली.

डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं. वजन झपाट्यानं उतरतंय. अजून दोन दिवसांत पोटात अन्न गेलं नाही तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल, आणि अशा पेशंटचे हात पलंगाला बांधावे लागतात, नाहीतर ते नळी उपसून काढतात. माझी आई तशी गेली. शेवटचे तीन आठवडे तिचे हात बांधलेले होते, आणि मी जवळ गेले की ती फक्त मनगटं हलवायची. या माणसाचे हात मला बांधू द्यायचे नव्हते. बाकी काय व्हायचं ते होवो, एवढंच मी देवाकडे मागत होते.

चेतना सुट्टी काढून येऊन बसली. तिनं भरवलं, रागावली, पाया पडली. अनुराग बिचारा कामाला लागला. त्यानं मोबाइलवर त्या नटाची मुलाखत काढली, हसतोय, कॉफी पितोय. “बाबा, हे बघा, तो जिवंत आहे. सगळी शूटिंग होती.” गुणवंतरावांनी चष्मा लावून शेवटपर्यंत मुलाखत पाहिली.

“त्यो वाचला,” ते समाधानानं म्हणाले. “बरं झालं. तरणं पोर हाय.”

अनुरागनं फोन खिशात घातला. त्यानंतर तो सिनेमाबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि वेबसाइटवरची ती ओळही त्यानं काढली. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा मुलासारखा वाटला.

शेवटचा उपाय म्हणून मी मारुतरावांना बोलावलं. ते यांचे पलटणीतले जोडीदार, सरावाला दोघं एकमेकांचे ठोसे खायचे. कँटोन्मेंटच्या बाजूला राहतात, टॅक्सी करून आले. आल्या आल्या त्यांनी सिनेमाला शिव्या घातल्या. हात इतके खाली ठेवून कुणी लढतं का, आणि असा कोण मरतो, स्टुलावर बसून? डोक्याचा मार असा गुपचूप नेत नाही, माणूस आधी ओकतो, बरळतो, पडतो. सगळा खोटेपणा. हे सगळं ते माझ्याशी बोलत होते, पण ऐकवायचं यांना होतं. मग त्यांनी यांचं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही बघ, चालतीया. गुणवंत, नाटकं बंद कर.”

गुणवंतरावांनी आपला दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

“लांबनं आलास मातीला,” ते म्हणाले. “लई बरं वाटलं.”

मारुतराव दांडगा गडी. पण चहा न घेताच ते उठले आणि दारात चपला घालताना भलत्याच पायात भलती चप्पल घालत राहिले.

ते गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. चेतना औषधं आणायला खाली गेली होती. दुपारचे बारा वाजत आले असतील, पण बाहेर दिवाळीनंतरचा तो दिल्लीचा मळकट धूर उतरला होता आणि समोरचा टॉवर दिसत नव्हता. ते गॅलरीच्या दाराशी उभे होते.

“कावळा शिवला का?” त्यांनी विचारलं.

मी चिडले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. म्हटलं, शिवेल कसा, पान मांडलंय कुणी? आणि बोलता बोलता थबकले. मग स्वयंपाकघरात गेले, ताटात भाताची मूद घातली, त्यावर वरण, तूप, बाजूला त्यांच्या आवडीची मेथीची भाजी, आणि ताट नेऊन गॅलरीत फरशीवर ठेवलं. हे अभद्र आहे हे मला कळत होतं. माझ्या सासूबाईंनी पाहिलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. पण रुग्णालयातला पलंग मला डोळ्यांसमोर दिसत होता.

ते आले आणि ताटासमोर उकिडवे बसले. हात गुडघ्यांवर. ताटाला शिवले मात्र नाहीत.

सासऱ्यांच्या दहाव्याला गावच्या नदीकाठी मी हेच पाहिलं होतं. पिंड मांडलेला, कावळे झाडावर, आणि एकही खाली उतरेना. मग एकेक जण हात जोडून पुढे व्हायचा आणि मेलेल्या माणसाला वचन द्यायचा. अमुक करीन, तमुक सांभाळीन, आता शिवा. तेव्हा हेच पुढे होऊन म्हणाले होते की धाकट्याचं शिक्षण पुरं करीन, आणि कावळा उतरला होता.

गॅलरीच्या कठड्यावर धुरातून एक कावळा येऊन बसला. ते त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे. कोण कुणासाठी थांबलंय ते मला कळेना. मी हात जोडले. आपल्या जिवंत नवऱ्यापुढे हात जोडून उभं राहताना कसं वाटतं ते कुणाला सांगता यायचं नाही.

म्हटलं, चेतनाला अंतर देणार नाही. ते हलले नाहीत. म्हटलं, गावची जमीन विकणार नाही. नाही. तुमचा कप कुणाला देणार नाही, तुमच्या बहिणीची दरवर्षीची साडी चुकवणार नाही. नाही. कावळ्यानं मान वाकडी केली. माझे गुडघे दुखायला लागले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं, ते जेवत नाहीत म्हणून मीही इतके दिवस चतकोर पोळीवर काढले होते. लग्न झाल्यापासून मी यांच्याआधी कधी जेवले नाही. हे सीमेवरून सुट्टीला येणार असले, गाडी आठ तास उशिरा असली, तरी मी थांबायची, आणि ते दरवेळी त्यावरून मला बोलायचे. ते आठवलं आणि तोंडून निघून गेलं.

“तुमच्यासाठी थांबणार नाही आता. आधी जेवून घेत जाईन. पोटभर.”

त्यांनी वर पाहिलं.

“खरं?”

“खरं.”

त्यांनी भाताला हात घातला. सगळं ताट संपवलं, भाजीसुद्धा. कावळा उडून गेला तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले होते आणि हुंदके आवरत नव्हते. ते तोंड पुसून माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “रडून घे. रडावं.”

नळी टळली. वजन पुन्हा भरायला लागलं, डॉक्टर खूश आहेत. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. चेतनानं एकदा गॅलरीतला तो प्रकार पाहिला आणि ती आत निघून गेली. नंतर म्हणाली, आई, हे बघवत नाही, बाबा जिवंत असताना तू रोज त्यांचा दहावा घालतेस. मी म्हटलं, मग तू बघू नकोस. तिला दुसरा मार्ग सुचला असता तर मी आनंदानं तो घेतला असता.

मध्यंतरी एकदा मी न जेवताच ताट नेलं आणि जेवले म्हणून सांगितलं. त्यांनी घासापर्यंत नेलेला हात मागे घेतला आणि धुराकडे बघत बसून राहिले. मला परत आत जाऊन आधी जेवावं लागलं.

तेव्हापासून मी लबाडी करत नाही. बाराच्या सुमारास स्वयंपाकघरात एकटीचं पान घेते, सावकाश, पोटभर जेवते, हात धुते आणि मग त्यांचं ताट घेऊन गॅलरीत जाते. ते आधीच येऊन बसलेले असतात. मी हात जोडते. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे निरखून पाहतात, खात्री पटली की मान हलवतात आणि खाली बघून भात कालवायला लागतात.