तीन यार्डांचा नळ

क्लिफर्ड अ‍ॅस्पिनॉल कोणतेही खेळणे फेरेटापुढे, त्या मुंगसासारख्या पाळीव जनावरापुढे, ठेवण्याआधी त्यातून आपली करंगळी फिरवून पाहत असे. करंगळीला जे बोचते ते जनावराच्या नाकाला बोचणार, आणि जिथे करंगळी अडकते तिथे त्याचा पंजा अडकणार. हा नियम त्याला एडगर थ्वेटने शिकवला होता. एडगरला जाऊन अडतीस वर्षे झाली तरी क्लिफर्डने तो एकदाही मोडला नव्हता. रबर नाही, स्पंज नाही. फेरेट ते कुरतडून गिळते, आतडे तुंबते आणि जनावर हातचे जाते. मोज्याचे खेळणे केले तर सुटा धागा शिल्लक ठेवायचा नाही. चेंडू जबड्यात मावणार नाही इतका मोठा हवा. आणि बोगदा कशाचाही करा, त्याची दोन्ही तोंडे उघडी हवीत.

हे सगळे त्याने वहीत आकृत्यांसह उतरवून ठेवले होते. ब्रॅकेनशॉच्या कोळशाच्या खाणीत तो तीस वर्षे फिटर होता. गावच्या तंत्रशाळेतून रात्रीचे वर्ग करून प्रमाणपत्र मिळवलेला त्याच्या पाळीतला तो एकटाच, आणि आकृतीवाचून काम करणे त्याला अजूनही जमत नसे.

खेळणी होती टॅन्सीसाठी. टॅन्सी ही शेजारच्या हिल्डा थ्वेटची फेरेट. हातभर लांब, मुंगसाच्या चणीची, सायीच्या रंगाची, डोळ्यांवरून काळपट पट्टा गेलेली. हिल्डा ही एडगरची बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली होती, आता गुडघे गेले होते, आणि टॅन्सी सोडली तर तिच्या घरात दुसरे काही हलत नव्हते. रोज तीन वाजता ती टोपलीतून टॅन्सीला घेऊन येई, क्लिफर्डच्या अंगणातल्या बाकावर चहा घेत बसे, आणि क्लिफर्ड टॅन्सीला कपडे धुण्याच्या जुन्या खोलीत सोडून खेळवी.

"काय रे इंजिनिअरसाहेब, आज काय नवीन कारखाना काढलास?" हिल्डाने त्या सोमवारी विचारले.

"नळ."

"परवाही नळच होता की."

"तो प्लास्टिकचा. हा लोखंडी आहे. आतून बघ कसा गुळगुळीत झालाय."

हिल्डाने नळ पाहिला आणि कप खाली ठेवला. "हा खालचा आहे ना रे?"

खालचा होता. खाण बंद पडून सामान मोडीत निघाले तेव्हा ब्रॅकेनशॉच्या लोकांनी खाणीच्या तोंडावरचे, जमिनीवरचे सगळे घरी नेले होते; दिवे, फावडी, कचेरीतल्या खुर्च्यासुद्धा. खाली जमिनीच्या पोटात राहिलेले मात्र अपशकुन म्हणून कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. क्लिफर्डला हे कधी पटले नाही. खाणीत दाबाची हवा नेणाऱ्या चार इंची नळाचा एक तुकडा, नेमका तीन यार्ड लांब, त्याने भंगारवाल्याकडून उचलला होता आणि तो बरीच वर्षे कुंपणाशी पडून होता.

"लोखंड ते लोखंड, हिल्डा. सोड्याने धुतलाय, कडा घासल्यात."

"धू बाबा. तुझ्या प्रमाणपत्राला कोण बोलणार!"

पहिल्या दिवशी टॅन्सी चार सेकंदांत पलीकडून बाहेर आली, आणि आनंदाने गुटगुट आवाज करत पुन्हा आत घुसली. क्लिफर्डने घड्याळ पाहून वहीत आकडा लिहिला. मंगळवारी तिला अकरा सेकंद लागले. बुधवारी एक मिनिट आणि वर काही. मध्येच थांबत असेल, असे म्हणावे तर त्याने नळाला डोळा लावून पाहिले होते: पलीकडचा उजेड वाटोळा, स्वच्छ, अध्येमध्ये काही नाही. आणि तरीही काही सेकंदांनी त्याच रिकाम्या नळातून टॅन्सी बाहेर आली. तिच्या पाठीवर कोळशाची बारीक पूड होती.

खेळणीही जाऊ लागली. लाकडी रीळ तोंडात धरून ती आत शिरली आणि रिकाम्या तोंडाने बाहेर आली. पाठोपाठ मोज्याची गुंडाळी गेली. फेरेट चीजवस्तू लपवतेच, ती तिची जातच. पण लपवायला जागा हवी. क्लिफर्डने नळ उभा करून हलवला. आतून काहीही पडले नाही.

गुरुवारी त्याने सशांच्या शिकारीतली जुनी दोरी काढली. बिळात फेरेट सोडताना तिच्या गळपट्ट्याला ही दोरी बांधायची. दर यार्डाला एक गाठ, म्हणजे जनावर किती आत गेले ते बोटांना कळते. गाठी एडगरने मारलेल्या होत्या. क्लिफर्डने दोरी टॅन्सीला बांधली आणि ती हाताखालून सरकू दिली. एक. दोन. तीन. आता तिचे नाक पलीकडे दिसायला हवे होते. दिसले नाही. चार. पाच. दोरी न अडखळता जात होती. चौदाव्या गाठीला त्याच्या बोटांवर वारा आला. गार आणि ओला, जमिनीखालचा. बाविसाव्या गाठीला दोरी थांबली.

मग नळ वाजला. ठक ठक. थोडा दम. ठक ठक ठक.

क्लिफर्ड हातात दोरी धरून होता तसाच फरशीवर बसला.

एडगर आपल्या फेरेटांना असाच बोलवत असे. डब्याच्या झाकणावर चमच्याने दोन, मग तीन, आणि बिळातली सगळी बाहेर. अडतीस वर्षांपूर्वी, खालच्या थरात आग लागून एडगर आणि आणखी तिघे पलीकडे अडकले, तेव्हाही हाच नळ असाच वाजला होता. मॅनेजरने आग कोंडण्यासाठी भिंत घालून तो भाग बंद करण्याआधी प्रमाणपत्रवाल्याला पुढे केले. "अ‍ॅस्पिनॉल, तू सांग. माणसं आहेत का?" क्लिफर्डने नळाला कान लावला. दोन, आणि तीन. तापलेले लोखंड निवताना वाजते, पण असे मोजून नाही, हे त्याला तेव्हाही कळत होते. पण धूर वाढत होता, चाळीस माणसे अलीकडे उभी होती, त्याला स्वतःलाही वर जायचे होते, आणि मॅनेजरला कोणते उत्तर हवे ते त्याच्या तोंडावर दिसत होते. "नळ निवतोय साहेब," तो म्हणाला. तासाभरात भिंत उभी राहिली.

हिल्डाला हे माहीत नव्हते. एडगर आगीत क्षणात गेला, असेच तिला सांगितले गेले होते.

त्या दिवशी टॅन्सी आली ती मोज्याची गुंडाळी तोंडात घेऊन. हिल्डाने ती टोपलीतून उचलून डोळ्यांजवळ धरली.

"हे शिवण तू घातलंस?"

"हो. म्हणजे… हो."

"खोटं. तुला दोरा ओवता येत नाही आताशा. हा उलटून मारलेला दुहेरी टाका आहे. मी शिकवला होता एकाला." तिने टाक्यावरून बोट फिरवले. "कुठून आली ही?"

"जुनी असेल," क्लिफर्ड म्हणाला. त्याने स्वतः शिवताना दोन धागे लोंबते राहिले होते. ते त्याला दिसले तेव्हा गुंडाळी टॅन्सीच्या तोंडात होती. आता धागा कुठेच नव्हता. कोणीतरी नियम पाळला होता.

शुक्रवारी टॅन्सीला सोडूच नये, असे त्याने ठरवले होते. पण तिने टोपलीचे झाकण डोक्याने उचलले आणि ती सरळ नळाकडे धावली; जेमतेम दोरी अडकवता आली. तीसच्या तीस गाठी गेल्या. दोरीचे टोक त्याने मनगटाला गुंडाळले. मग दोरी सैल झाली. त्याने ती ओढून घेतली. शेवटाला गळपट्टा होता. तुटलेला नव्हे, बक्कल व्यवस्थित सोडलेला.

त्याने अंडे फोडून नळाच्या तोंडाशी ठेवले. नाव घेऊन हाक मारली. पाऊण तास गेला. नळातून पलीकडची विटांची भिंत स्वच्छ दिसत होती, आणि दर काही मिनिटांनी तेच येत होते: दोन, मग तीन. तिला तिकडून कोणीतरी बोलवत होते, आणि इकडून कोणीही उत्तर देत नव्हते.

"क्लिफर्ड! निजलास का रे तिला घेऊन?" अंगणातून हिल्डा म्हणाली. "चहाचं सरबत झालं इथं."

त्याने पाना उचलला. उत्तर दिले तर ऐकल्याचे कबूल केल्यासारखे होते. आज ऐकले, तर तेव्हाही ऐकले होते. न दिले तर त्या बाईची टोपली रिकामी जाणार होती. त्याच्या घरातून तिच्या घरात आणखी एक मरण नेऊन देणे त्याला शक्य नव्हते.

त्याने नळावर पाना मारला. दोन. मग तीन.

पलीकडे एकदम शांत झाले. आणि दारात हिल्डा काठी टेकत उभी होती.

"ही एडगरची हाक आहे," ती म्हणाली. "तू कशाला वाजवतोस?"

"कारण तिकडून तो वाजवतोय. आणि हिल्डा, तेव्हाही वाजवत होता." मग त्याने सगळे सांगितले, भिंत, मॅनेजर, निवणारा नळ. एकही शब्द गाळला नाही. तिने मध्ये एकदाच तोंड उघडले.

"किती वेळ वाजत होता?"

"भिंत पुरी होईपर्यंत. मी तिथंच होतो."

हिल्डाने त्याच्याकडे पाहिले नाही. गुडघे धरत ती फरशीवर बसली, त्याच्या हातातून पाना ओढून घेतला आणि स्वतः वाजवले. दोन. तीन.

नळात नखे खरखरली. ओला गार वारा आला, आणि टॅन्सी बाहेर येऊन हिल्डाच्या मांडीवर चढली. ती कोळशाने काळी झाली होती. फक्त पाठीवर मधोमध पाच बोटांची जागा सायीसारखी पांढरी होती, आणि तिथे ती उबदार लागत होती.

"झालं," क्लिफर्ड म्हणाला. "मी आत्ताच हा नळ कापून टाकतो."

"हात लावशील तर बघ."

कारण नळ पुन्हा वाजू लागला होता. दोन आणि तीन, ओळखीचे. मग दुसरा ठोका, जड आणि संथ, दुसऱ्याच हाताचा. मग तिसरा, घाईघाईचा. मग चौथा, इतका हलका की त्यासाठी श्वास रोखावा लागला. मग चारही थांबले, जणू उत्तराची वाट पाहत.

हिल्डाने टॅन्सीला एप्रनमध्ये गुंडाळले.

"चौघं होते," ती म्हणाली. "बाकी तिघांचीही माणसं आहेत गावात. उद्या तीन वाजता त्यांना इथं घेऊन ये. आणि का बोलावलंस, ते दारात उभं राहून तूच सांगायचं."

क्लिफर्डने टोपी डोक्यावर घातली. बाहेर अजून चांगला उजेड होता, आणि तिन्ही घरे त्याच रस्त्यावर होती.