रुळांवर थांबणारी बस

काउंटी बोर्डाला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना, एकदा रस्ता सुधारायची हुक्की आली की तिथे कुणाचं काही चालत नाही. या खेपेस पाळी आली ती विल्मा कुचेराच्या घरासमोरच्या रुळांची. आगगाडी बंद होऊन वर्षं लोटली होती, रुळांत गवत माजलं होतं. पण नियम म्हणजे नियम: शाळेच्या बसने रुळांपाशी थांबायचं, दार उघडायचं, गाडीचा आवाज येतोय का ते ऐकायचं, मगच पुढे जायचं. त्यामुळे त्या रस्त्यावर एकही पोर राहत नसताना बस रोज दोनदा विल्माच्या दारात थांबे.

तिचा पोरगा टोबी आगगाडी चालू असताना त्याच रुळांवर गेला. धुक्याची सकाळ, बस पलीकडे उभी, आणि हा दप्तर घेऊन धावत सुटला. तेव्हापासून सकाळी बसचं दार उघडलं की टोबी चढायचा आणि दुपारी उतरायचा. विल्माला तो दिसायचा. कधी नुसती टोपी, कधी पायरीवरचा बूट. वेडी म्हणा हवं तर. ती कुणाला सांगायला गेलीच नव्हती. दुपारी तो उतरला की तिच्या जिवात जीव यायचा, एवढं खरं.

काउंटीचं आणि शाळेचं अशा दोन्ही बोर्डांची सभा शाळेच्या जिममध्ये भरली. काउंटीने रूळ उखडून खडी टाकायची, शाळेने बस न थांबवता न्यायची, असा ठराव होता. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.

"रूळ काढा," विल्मा म्हणाली. "फक्त दुपारची बस येऊन गेल्यावर काढा." एकदा तो घरात आला की मग बस थांबो न थांबो, असा तिचा हिशेब.

काउंटी बोर्डाचा अध्यक्ष डेल होराक शाळेत तिच्याच वर्गातला. "अगं, सकाळ काय नि दुपार काय? तुझ्या कोंबड्या बिचकतात की काय?"

मागे कुणीतरी खुसखुसलं.

"शब्द दे, डेल."

"दिला, बाई."

मग सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला कुणाचं काय जातं?

मंगळवारी सकाळी टोबी बसमध्ये चढला. बस वळणाआड जाते न जाते तोच यंत्र आलं. विल्मा सपातांनिशीच धावली. मुकादम भला माणूस होता. "दुपारी पाऊस सांगितलाय, ताई. होराकसाहेबच म्हणाले, आत्ताच उरका."

तिने डेलला फोन लावला. त्याने उचलला नाही.

दुपारी गुळगुळीत खडीवरून बस आली. विल्मा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी राहिली. पण आमच्याकडे रस्त्यात दिसेल त्याला माणूस हात करतो. ड्रायव्हर मर्लिननेही हसून हात केला आणि बस पुढे काढली. मागच्या काचेला टोबीचा तळवा टेकलेला होता.

बस रात्रभर गावातल्या शेडमध्ये असते. तिथे दिवा नसतो, आणि टोबी अंधाराला फार भ्यायचा. विल्मा पिकअप काढून गेली तोवर शेडला कुलूप लागलं होतं. पाऊस सुरू झाला होता. ती पत्र्याच्या दाराला पाठ टेकून खाली बसली.

"मी इथेच आहे रे," ती म्हणाली. "झोप तू."