थुंकीचं यंत्र

दिघोरीच्या बाजारचौकात सकाळपासून रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक माणूस थुंकायला आला होता.

मांडवात टेबल, टेबलावर स्टीलची पेटी, पेटीवर लुकलुकणारे निळे दिवे. मागे प्रविणानंद वैद्यराज. भगव्या कफनीवर डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षावर स्टेथोस्कोप.

"ना सुई, ना खून! बस, एक थेंब थुंक!" माइक गरजत होता. "विलायतेचे शास्त्रज्ञ जे आता शोधून राहिले, ते आपल्या ऋषींनी कवाच शोधलं! थुंकीत साखर बोलते, किडनी बोलते, कॅन्सर बोलते. ऐकणारा पाहिजे!"

आधी तांब्याच्या हंड्यातल्या 'शुद्धीजला'नं चूळ भरायची. मग पिवळ्या कागदावर थुंकायचं. कागद पेटीत जायचा, पेटी टूंऽऽ करायची आणि कागद बाहेर यायचा तो लालभडक! रोग सापडला! मग एकवीस दिवसांचा काढा. बाविसाव्या दिवशी दुसऱ्या हंड्यातल्या 'सिद्धीजला'ची चूळ, पुन्हा थुंकी. कागद पिवळाच राहिला की माणूस बरा. पहिल्या दिवशी गावात एकही निरोगी माणूस निघाला नाही, याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. रांगेच्या कडेला उभा राहून मी हसलो आणि घरी गेलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

त्या रांगेत मनिष होता. ट्रॅक्टर दुरुस्तीत त्याच्यासारखा हात लाखांदूर तालुक्यात नव्हता. बाराव्या वर्षापासून तो इन्सुलिनवर होता, दिवसातून दोनदा सुई. त्याची बायको हर्षा आमच्या गावची आशाताई. घरोघर फिरून ती लोकांची साखर तपासायची, गोळ्या चुकवणाऱ्यांना रागवायची. नवऱ्याला मात्र यंत्राच्या नादापासून वळवता येईना.

"आपलं मशीन बोटातून रक्त काढते तेवा सांगते," ती त्याला म्हणाली. "हे थुंकीतून पाहून राहिले, तर दोनदा पाहू द्या ना. एकच थुंकी, दोन कागद."

"तू सरकारी सुईवाली. तुले कसं पटंन? बावीस वर्षं टोचून घेतलं मी, हर्षा. तुले काय मालूम?"

काढा घेत असताना तो सुईही घेत होता. बाविसाव्या दिवशी कागद पिवळा राहिला. प्रविणानंदांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुई फेक, बेटा. आता सुईच तुयं जहर आहे."

त्यानं सुई सोडली, पण हर्षाला सांगितलं नाही. चौथ्या रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी श्वास धापा टाकल्यासारखा खोल चालू लागला, तोंडाला सडक्या फळासारखा वास येऊ लागला. हर्षानं तो वास ओळखला, इन्सुलिन तुटलं की येतो तो. बोट टोचून पाहिलं तर मशीननं आकडासुद्धा दाखवला नाही, नुसतं 'हाय' लिहून आलं, म्हणजे साखर मोजण्यापलीकडे गेलेली. भंडाऱ्याला नेताना गाडीतच मनिष गेला. चौतीस वर्षांचा होता.

प्रविणानंदांचा निरोप आला. "पोराची श्रद्धा कमी पडली. काढ्याची एक पुडी चुकवली असंन."

गावानं मान डोलावली. हर्षानंही ते ऐकलं.

दोन महिन्यांनी ती माझ्या घरी आली. हातात साबणाची वडी आणि मनिषनं जपून ठेवलेला तो पिवळा कागद.

"गुरुजी, काल पोरीचा फ्राक धुऊन राहिले होते. वरणाचा डाग होता. साबण लावला अन् डाग लाल झाला."

पुढं तिला सांगावं लागलं नाही. मी वाटीत साबणाचं पाणी केलं, तिनं कागदाचं टोक बुडवलं. टोक लालभडक. त्यावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं.

कागद हळदीचा होता, दुसरं काही नाही. साबणासारख्या आम्लारीचा, म्हणजे खाराचा, स्पर्श झाला की हळद लाल होते, हे सातवीच्या पुस्तकात आहे. मीच ते दरवर्षी शिकवतो.

"पण तोंडात खार आला कुठून?" मी विचारलं. "शुद्धीजलाची चव कशी होती, कुणाला विचारलंस?"

"शेजारच्या बायजाबाईले विचारलं. थोडी चुन्यावानी, वरून पुदिन्याचा वास म्हणाली."

पुदिन्याचा वास घातलेली चुन्याची निवळी! तोंडात सदा तंबाखू-चुन्याचा खर्रा असणाऱ्या गावाला चुन्याची चव परकी वाटणार तरी कशी? आणि सिद्धीजल म्हणजे लिंबाचे चार थेंब टाकलेलं साधं पाणी.

"आजच पोलिसात जाऊ," मी म्हणालो.

"अर्ज द्या. पण पकडाचं लोकांसमोर." तिचा आवाज अगदी थंड होता. "मनिष कमी पडला म्हणून सांगितलं ना त्यानं? मले त्याले कमी पडताना पाहाचं आहे."

पुढच्या शिबिराला हर्षा स्वतःहून सेवेला गेली. प्रविणानंदांना केवढा आनंद! माइकवर म्हणाले, "पाहा! नवरा गेला तरी श्रद्धा गेली नाही. अन् सरकारी आशाताई आहे!" तिला हंडे भरायचं काम दिलं. दुपारी सेवेकरी जेवायला बसले तेवढ्यात तिनं दोन्ही हंड्यांतल्या पाण्याची अदलाबदल केली.

मग गंमत सुरू झाली. नव्या माणसांचे कागद पिवळेच राहू लागले. फेरतपासणीला आलेल्या, बरे झालेल्यांचे लाल! बायजाबाईनं कागद वर धरला. "महाराज, मी तं मागच्या महिन्यात बरी झाली होती ना?"

"यंत्र गरम झालं, माताजी. ग्रहमान—"

"मग तुमी थुंका," हर्षा म्हणाली. तिनं सिद्धीजलाचा पेला पुढं केला. "तुमी तं निरोगी. कागद पिवळा राहीन, सगळ्यांची शंका जाईन."

शेकडो डोळे त्याच्यावर. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि हंडा तर त्याच्या मते लिंबाच्या पाण्याचा. त्यानं चूळ भरली. चव कळताच चेहरा पडला. पण हर्षानं कागद तोंडासमोर धरला होता. थुंकी पडली आणि पेटीत जायच्या आधीच कागद लाल झाला.

मी गर्दीतून पुढं होऊन माइक घेतला. साबण, हळद, चुना, लिंबू, सगळं मांडून दाखवलं. पेटी उघडली तर आत काय होतं? दिव्यांची माळ आणि दाराला लावतात ती घंटी.

लोक धावले. कुणीतरी मांडवाचा बांबू उपसला. हर्षा मधे उभी राहिली.

"कोणी हात नाही लावाचा! माराल तं हा दवाखान्यात झोपंन अन् लोक याले बिचारा म्हणतीन." मग ती त्याच्याकडे वळली. "माया नवरा एक रात्र अन् एक दिवस तडफडला. तू वर्षानुवर्षं तडफड. कोर्टात."

माझ्या अर्जावरून आलेले साध्या कपड्यांतले दोन शिपाई गर्दीतून पुढे आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. जबाब द्यायला लोक कचरत होते. हर्षानं एकेकाच्या दारात बसून त्रेसष्ट जबाब लिहवून घेतले. पहिला माझा होता: मी पाहिलं, मला कळत होतं आणि मी गप्प राहिलो.

तीन महिन्यांनी तो जामिनावर सुटला आणि लाखनीकडच्या एका गावात नव्या नावानं मांडव टाकायला गेला. गाडीतून उतरला तर बाया घरून आणलेल्या पाण्याचे तांबे घेऊन उभ्या. "चूळ आमच्या पाण्यानं भरतो, महाराज!" हर्षा आदल्या रविवारीच एसटीनं येऊन गेली होती. त्याच्या जप्त डायरीतल्या गावांची यादी तिनं पाठ केली आहे. तिच्या पिशवीत हळद, चुना आणि साबण असतो.

थुंकीतून, घामातून काही आजारांचा माग लागतो, हे खरं आहे. त्यावर संशोधन चालू आहे आणि सुईशिवाय साखर सांगणारं भरवशाचं यंत्र उद्या येईलही. म्हणूनच ठकांना ती भाषा सोयीची वाटते. तेव्हा कुणी यंत्र घेऊन आलं तर एवढंच करा. एकाच माणसाची थुंकी नावं झाकून दोनदा द्या. पाणी तुमचं वापरा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू औषध सोडू नका. खऱ्या यंत्राला तपासणीचा राग येत नाही.

"आता तरी राग गेला का गं?" असं मी परवा हर्षाला विचारलं.

"नाही गुरुजी," ती म्हणाली. "यादीत अजून अकरा गावं आहेत."