फळ्यावरचा मासा

अमरसिंह साहेबांनी आयुष्यात एकदाही पाण्यात गळ टाकलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी फळ्यावर मासा काढला आणि त्याच्या पोटावर लिहिलं, 'गिऱ्हाईक'. मग मला उभं केलं. "जोतीराम दर रविवारी राजाराम बंधाऱ्यावर मासे धरतो, आणि धार काढायची यंत्रं विकण्यात आपल्यात पहिला असतो. सांग पोरांना, मासे धरता धरता विक्री कशी शिकलास ते."

माझीच खोड. कुणी कौतुक केलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढतो. सांगितलं मी. मासा आधी गांडूळ नुसतं टोचून बघतो. पाण्यावरची मोरपिसाची काडी जराशी हलते. तेवढ्यात हिसका दिला की गांडूळही जातं आणि मासाही. काडी बुडेपर्यंत हात आवरून बसायचं. गारगोटीच्या पुढं झुंबरबाई म्हणून आहेत, आठ महिने त्यांच्याकडं जातोय, अजून किंमतसुद्धा बोललेलो नाही. पोरं हसली. मीही हसलो. साहेबांनी फळ्यावर लिहिलं: गांडूळ, गळ, हिसका. थांबण्याबद्दल एक अक्षर नाही. थांबणं त्यांच्या टार्गेटात बसत नाही ना.

झुंबरबाईंच्या चार म्हशी. मुलगा जयसिंगपूरला नोकरीला, त्यामुळं दोन्ही वेळची धार त्या एकट्याच काढतात. वर्षभरापासून बोटांची पेरं सुजलीत, मूठ वळत नाही. यंत्र आलं नाही तर दोन म्हशी विकाव्या लागणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पण आवाजाला म्हशी बुजतील, ही त्यांची धास्ती. म्हणून मी महिन्यातून दोनदा जायचो, धारेच्या वेळी गुमान उभा राहायचो, रेडकू धरायचो, बोटांना चोळायला कोल्हापुरातून तेल न्यायचो. गेल्या खेपेला बाई आपणहून म्हणाल्या, "तुजं ते यंत्र एकदा आणून तर दाव."

एवढ्यात महिना संपत आला, आणि साहेब माझ्याबरोबर यायला निघाले. "आठ महिने नुसता बसलास. आज मी दाखवतो," म्हणाले. गाडी गारगोटीच्या रस्त्याला लागायच्या आतच माझं डोकं तापलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा गोठ्यात धार चालली होती. साहेब अत्तराचा घमघमाट घेऊन, बुटांसकट थेट म्हशीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि सभेत बोलावं तसं बोलायला लागले. आज सही केली तर एवढी सूट, उद्या नाही. मी बाही ओढली, "साहेब, धार होऊ द्या." ऐकतील तर शपथ. म्हशीनं कान टवकारले आणि दूध चढवलं. बाईंनी रेडकू पुन्हा लावलं, पेंड घातली, पाठीवर थोपटलं. थेंब येईना. डेअरीची वेळ टळत चाललेली, आणि हा शहाणा टक्केवारी सांगतोय.

"पावणं, जरा गप ऱ्हावा की," झुंबरबाई म्हणाल्या.

साहेब हसले. "अहो मावशी, आमचा जोतीराम ऑफिसात तुमच्याबद्दल लई सांगतो. मासा गांडूळ टोचून बघतोय, म्हणतो, इतक्यात ओढायचं नाही. सगळी पोरं तुमच्यावरनं विक्री शिकायला लागलीत."

त्यांना वाटलं, विनोद झाला.

बाईंनी बादली बाजूला सारली आणि माझ्याकडं बघितलं. "माझ्या बोटांस्नी त्याल आणून द्यायचास, ते गांडूळच म्हणायचं व्हय रं?"

"न्हाई वो मावशी," मी म्हणालो. साहेबांच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. पण ते खोटं काय बोलले होते? तेल विकत घेताना मला त्या बोटांची कणव आली होती, हे खरं. त्याच वेळी डोक्यात यंत्रही होतं, हेही खरं. त्यात कणव किती आणि धंदा किती, हे मी कधी बघितलंच नव्हतं. वर चारचौघांत त्या बाईचं नाव घेऊन मी हसून आलो होतो. साहेबांपेक्षा माझाच मला जास्त संताप आला.

"आणा तो कागद," झुंबरबाई साहेबांना म्हणाल्या. "यंत्र तर लागतंयच. बोटं काय आता ऐकत न्हाईत."

पेन त्यांच्या बोटांत ठरेना. कागद धरायला मी पुढं झालो. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, गव्हाणीच्या काठावर टेकवला आणि एकेक अक्षर लावत सही केली. मग पुन्हा साहेबांनाच सांगितलं, "बसवायला दुसरं कोन बी धाडा. ह्यो नको."

अंगणात येताच साहेबांनी ऑफिसला फोन लावला. "गारगोटीची ऑर्डर झाली. जोतीरामच्या नावावर टाका."

"माझ्या नावावर नको," मी म्हणालो.

त्यांनी फोन खाली घेऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेडा काय तू? सगळी मेहनत तुझीच तर आहे." अगदी मनापासून म्हणाले, आणि त्यांना घालायला मला एक शिवी सापडेना.